नोंद वाचून दाखवा: गावच्या चावडीवर नव्यानं रुजू होणाऱ्यांसाठी

माझी आई शाळेत गेली नव्हती, वडीलही नाही. चांदवड तालुक्यात आमची तीन एकर जिरायत आणि एक विहीर, तिचं पाणी जेमतेम संक्रांतीपर्यंत पुरायचं. सोसायटीचं कर्ज काढायचं म्हटलं की वडील सातबारा आणायला चावडीवर जायचे. तलाठी उतारा लिहायचे, शिक्का मारायचे आणि चार घड्या घालून हातात द्यायचे. तो कागद घरी आला की आई मला गुरुजींकडे पिटाळायची, कारण आमच्या जमिनीचा कागद आमच्या घरात कुणालाच वाचता येत नव्हता. एकदा ती स्वतःच माझ्याबरोबर आली आणि गुरुजींना विचारलं, "यात माझं नाव कुठंय?" गुरुजींनी कागद दोन्ही बाजूंनी बघितला. नव्हतं.

१९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं. आई गावातल्या बायकांबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली आणि परत आली ती एकच गोष्ट बोलत: बाईचं नाव जमिनीला लागलं पाहिजे. त्यानंतर चार वर्षांनी, १९९० साली, मी तलाठी म्हणून रुजू झाले. २१ वर्षं तलाठी, मग १४ वर्षं मंडळ अधिकारी, म्हणजे तलाठ्यांच्या वरची पायरी. २०२५ मध्ये ५८ पूर्ण झाली आणि निवृत्त झाले. आता नाशिकला सिडकोत राहते.

कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या अभ्यासिकांमधली मुलं-मुली कुणाच्या ना कुणाच्या ओळखीनं घरी येतात. काही तयारी करणारी, काहींना नुकतीच ऑर्डर मिळालेली. फिरून फिरून प्रश्न एकच: "मॅडम, या नोकरीत मिळतं काय?"

मिळतं. खूप मिळतं. पण ते पगारासारखं एक तारखेला आपोआप जमा होत नाही. कामाची एक सवय लावून घेतली तर मिळतं, नाहीतर ३० वर्षं दप्तर इकडून तिकडे सरकवण्यात निघून जातात. तशी गेलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. ती सवय अशी: केलेली नोंद ज्याची आहे, त्याला ती तोंडानं वाचून दाखवायची. पुढे जे लिहिते आहे ते सगळं या एका सवयीभोवतीचं आहे.

आधी पगाराचं बोलून टाकू

तलाठी पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. सातव्या वेतन आयोगात हे पद एस-८ स्तरात येतं, म्हणजे मूळ वेतन २५,५०० ते ८१,१०० आणि वर महागाई भत्ता, घरभाडं. संसार चालतो, पोरांची शिक्षणं होतात. मी जुन्या पेन्शनमधली. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना राष्ट्रीय पेन्शन योजना लागू झाली. त्यात तुमच्या पगारातून १० टक्के कापले जातात आणि सरकार १४ टक्के घालतं. पहिल्याच महिन्यात प्रान नंबर (पेन्शन खात्याचा क्रमांक) निघाला का, कपात खात्यावर दिसते का, हे स्वतः तपासा. दुसऱ्याचे उतारे तपासणारा माणूस स्वतःचं सेवापुस्तक वर्षानुवर्षं उघडत नाही, हे बरं नाही.

पाच दिवसांचा आठवडा कागदावर आहे. निवडणूक, पूर, गारपीट, मतदार यादी यांना शनिवार-रविवार कळत नाही. घरच्यांना हे लग्नाआधीच सांगून ठेवा.

फॉर्म भरण्याआधी एक दिवस काढा

परीक्षा १०० प्रश्नांची, २०० गुणांची. मराठी, इंग्रजी, सामान्यज्ञान, गणित-बुद्धिमत्ता. त्याची तयारी कशी करायची हे सांगणारे पुष्कळ आहेत, मी त्यात पडत नाही. मी एवढंच सांगते की एक दिवस कुठल्याही तहसील कचेरीत जाऊन बाकावर बसा. जून महिना असेल तर उत्तम, कारण तेव्हा शाळा-कॉलेजच्या दाखल्यांची गर्दी असते. सकाळी ११ ते संध्याकाळी ५. कुणाशी बोलू नका, नुसतं बघा. म्हातारा माणूस खिडकीशी येतो, टोपी काढतो, पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढतो, त्याला काहीतरी सांगितलं जातं, तो मान हलवतो आणि बाहेर येऊन दुसऱ्याच कुणाला तरी विचारतो, "काय म्हणले ते?"

ते बघून तुम्हाला उठून त्याच्याजवळ जावंसं वाटलं, तर या नोकरीत या. मन लावून काम कराल. नुसता कंटाळा आला असेल, तर दुसऱ्याही चांगल्या नोकऱ्या आहेत, तिथं सुखानं राहाल. हे मी कुणाला कमी लेखून म्हणत नाही. दोघांचंही भलं त्यातच आहे, तुमचं आणि त्या म्हाताऱ्याचं.

पहिला महिना पायी

माझी पहिली सजा, म्हणजे तलाठ्याकडे सोपवलेली गावं, पेठ तालुक्यात होती. नाशिकहून एसटीनं सावळ घाट उतरून जायचं आणि पुढं पायवाट. लोक कोकणी बोलायचे, नागली-वरई-भात पिकवायचे. मला त्यांचं अर्धं कळायचं, त्यांना माझं त्याहून कमी. तेव्हाच्या कोतवालांनी मला जे शिकवलं ते कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नाही. ते म्हणाले, "बाई, आधी शिवार फिरा, मग दप्तर उघडा."

मी दोन्ही एकदम केलं आणि तुम्हीही तसंच करा. गावचा नकाशा बरोबर घ्या. गायरान कुठून कुठपर्यंत, पाणंद कोणती, नाला कुठं वळतो, हद्दीचा दगड आहे की कुणी उपटून बांधाला लावला, सगळं बघत फिरा. लोक गट नंबरानं बोलत नाहीत. ते म्हणतात खळवाडी, आंब्याचा माळ, म्हसोबाचं टेकाड. एका वहीत डाव्या बाजूला लोकांचं नाव आणि उजव्या बाजूला गट नंबर लिहून काढा. ही वही तुम्हाला कोणतंही सॉफ्टवेअर देणार नाही. पुढं कुणी म्हातारी येऊन "माझ्या खळवाडीचं बघा ना" म्हणाली की तुम्ही तिला "गट नंबर सांगा" म्हणून परत धाडणार नाही.

दप्तरातले गाव नमुने एकूण २१. सुरुवातीला चार पक्के करा: सात, बारा, सहा आणि आठ-अ. साताला हक्क, बाराला पिकं, सहाला फेरफार म्हणजे हक्कातले बदल, आठ-अला एकेका खातेदाराची सगळी जमीन. जुन्या हस्तलिखित सातबारावरची छोटी अक्षरं वाचायला शिका. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अज्ञान म्हणजे वयात न आलेलं मूल. थोरल्या भावाच्या नावापुढं ए.कु.मॅ. लागलं आणि धाकटे भाऊ कागदावरून दिसेनासे झाले, अशी कितीतरी घरं आहेत. अज्ञान मूल साठ वर्षांचं झालं तरी कागदावर अज्ञानच, असंही मी पाहिलं. ही तीन अक्षरी नोंद दुरुस्त झाली की माणसाचा चेहरा कसा होतो, ते एकदा बघाच.

वाचून दाखवायचं म्हणजे नेमकं काय करायचं

आता डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मोबाइलवर निघतो. फेरफाराचा अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून करता येतो. चांगलं झालं, खेपा वाचल्या. पण कागद हातात येणं आणि कागद कळणं यात अजून तेवढंच अंतर आहे, जेवढं माझ्या आईच्या वेळी होतं.

म्हणून नोंद धरली की माणसाला समोर बसवा. उभं ठेवू नका; चावडीत एक जादा खुर्ची आणि एक सतरंजी असू द्या. मग सावकाश वाचा. आधी नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. "तुमच्या आधारवर हेच आहे ना?" मग गट नंबर आणि त्याचं गावातलं नाव. मग क्षेत्र, तेही आकड्यात नाही, शब्दांत: "शून्य हेक्टर चाळीस आर, म्हणजे साधारण एक एकर." मग इतर हक्कातला बोजा: कोणत्या बँकेचा, फिटला असेल तर उतरवला का. शेवटी पुढची पायरी: नमुना नऊची नोटीस निघेल, हरकतीला १५ दिवस आहेत, हरकत नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतील, अमुक तारखेच्या पुढं या. ती तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

याला सात-आठ मिनिटं लागतात. बाहेर दहा माणसं थांबली असताना सात मिनिटं जड वाटतात. पण बाहेरची माणसंही ऐकत असतात, त्यातल्या दोघांचे प्रश्न तिथंच सुटतात आणि एक जण म्हणतो, "मॅडम, माझं आडनाव चुकलंय वाटतं." तो पुढच्या वर्षी अर्ज घेऊन आला असता, तो आजच आला.

क्षेत्र शब्दांत वाचायचं हे मी एका चुकीतून शिकले. ऑनलाइन सातबारा जुन्या हस्तलिखिताशी जुळवण्याचं काम चालू होतं. दिवसा सर्व्हर चालायचा नाही म्हणून आम्ही रात्री बसायचो. रात्रीचा एक-दीड वाजला असेल. तलाठ्यानं टाइप केलं ०.०४, पाहिजे होतं ०.४०. मी ते प्रमाणित केलं. सही माझी, चूक माझी. त्या शेतकऱ्याला कळलं ते जूनमध्ये बँकेत. एक एकरवाल्याचे चार गुंठे झाले होते, पीककर्ज नामंजूर. कलम १५५ खाली तहसीलदारांचा दुरुस्तीचा आदेश घेऊन नोंद सुधारली, पण तोवर पेरणी होऊन गेली होती. त्यानं बाहेरून व्याजानं पैसे उचलले होते. मी सुधारलेला उतारा घेऊन त्याच्या घरी गेले, ओट्यावर बसून वाचून दाखवला आणि चूक माझी होती असं त्याच्या बायकोसमोर सांगितलं. तो काही बोलला नाही. त्याची बायको म्हणाली, "आता परत एकदा वाचा." मी परत वाचला. त्या दिवसानंतर एकही क्षेत्र मी मनात वाचलं नाही.

वारस नोंद: पहिला प्रश्न, बहिणी किती?

वारसाचा अर्ज घेऊन बहुतेक वेळा भाऊ येतात. मयताचा दाखला, स्वयंघोषणापत्र, वारसांची यादी. यादीत आई आणि भाऊ असतात. तुम्ही विचारायचं, "बहिणी किती?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. ती शांतता महत्त्वाची आहे, तिच्यात घाईनं दुसरा प्रश्न टाकू नका.

कधी उत्तर येतं, "त्यांचं काही म्हणणं नाही." म्हणणं नसेल तर तसं हक्कसोडपत्र नोंदवून होईल, पण आधी नाव लागेल. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि २००५ ला वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. हे भावांना समजावून सांगा, दरडावून नाही. त्यांनी आयुष्यभर वेगळं पाहिलेलं असतं. आणि जुन्या उताऱ्यावर बहिणींची नावं कब्जेदार (मालकाच्या) सदरात न लावता 'इतर हक्कात' ढकललेली दिसली, तर ती तशी का आली हे मागचे फेरफार काढून बघा. जिवंत सातबारा मोहिमेत मेलेल्या खातेदारांच्या जागी वारस लावण्याचं काम जोरात झालं, तेव्हाही मी मंडळातल्या मुलांना हेच सांगत होते: वेग ठेवा, पण बहिणी मोजा.

एकदा तीन भाऊ आले होते. सहाव्या वेळी विचारल्यावर थोरला म्हणाला, "एक आहे, येवल्याकडं दिलीय." नोटीस तिच्या पत्त्यावर गेली. ती आली, साठीची असेल, डोक्यावर पदर, हातात नोटीस. म्हणाली, "हे काय आलंय? मी काय गुन्हा केला का?" मी तिला बसवलं आणि वाचून दाखवलं. तिचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, गट नंबर. वडिलांचं नाव ऐकल्यावर तिनं मला थांबवलं आणि विचारलं, "आबांच्या खाली माझं नाव लिहिलंय?" मी बोट ठेवून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ती त्या अक्षरांवरून हात फिरवत राहिली. जमीन तिनं पुढं भावांनाच कसायला ठेवली. तो तिचा निर्णय, तिचा हक्क.

तुम्ही विचारता मिळतं काय. मला त्या दुपारी जे मिळालं ते अजून पुरतं आहे.

पावती बांबूच्या नळीत होती

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, कळवण भागात तुमची नेमणूक झाली तर वनहक्काची, म्हणजे कसत असलेली वनजमीन नावावर करून देण्याची, प्रकरणं येतीलच. २००६ चा कायदा, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असल्याचा पुरावा, कमाल मर्यादा ४ हेक्टर. दावा आधी गावच्या वनहक्क समितीकडे, ग्रामसभेत, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. पाहणीला तुम्ही वनरक्षकाबरोबर जाता.

इथं लक्षात ठेवायचं की कायद्याला फक्त सरकारी उतारा लागत नाही. गावातल्या जाणत्याचा जबाब चालतो, आणि अतिक्रमण केलं म्हणून पूर्वी झालेल्या दंडाची पावतीही चालते. ज्या कागदानं त्याला गुन्हेगार ठरवलं होतं, तोच कागद आता त्याचा पुरावा. हे त्यांना माहीत नसतं. दंडाची पावती म्हणजे लाजेची गोष्ट म्हणून काहींनी जाळून टाकलेल्या.

एका पाड्यावर मी सगळ्यांना बसवून हे समजावलं. सगळे गप्प. मग एक म्हातारा उठला, झोपडीत गेला, आढ्याला खोचलेली बांबूची नळी घेऊन आला. एका टोकाला चिंधीचं बूच. त्यातून गुंडाळी निघाली, धुरानं तपकिरी झालेली. दंडाची पावती. पावसाचं पाणी लागू नये म्हणून त्याच्या बापानं ठेवलेली. मी ती वाचून दाखवली, तारीख वाचली, रक्कम वाचली. म्हातारा म्हणाला, "एवढे रुपये भरायला बापानं बैल विकला होता." ती पावती दाव्याला जोडली.

दावा मंजूर झाला की पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो, तसं कायद्यातच आहे. वाटप कुठं कार्यक्रमात झालं असेल तरी तुम्ही नंतर पाड्यावर जा आणि दोन्ही नावं मोठ्यानं वाचा. बायकांना दुसऱ्या नावाची अपेक्षाच नसते.

२०१८ च्या मार्चमध्ये याच वनपट्ट्यांसाठी नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो माणसं चालत गेली. मी तेव्हा कामावर होते. चालणाऱ्यांत माझ्या जुन्या सजेतले चेहरे होते. तोवर कागद हातात न पडलेले चेहरे. आपल्या टेबलावर एक दावा सहा महिने पडून राहतो तेव्हा तो कुणाच्या तरी पायाला येतो, हे त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं.

गारपिटीचा पंचनामा बांधावरून होत नाही

२६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड भागात गारा पडल्या. ऑक्टोबर छाटणी झालेल्या बागा, कुठं फुलोरा, कुठं मणी धरलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत शिरले तर खाली पानांचा आणि मण्यांचा सडा, काड्या सोललेल्या. शेतकरी काही बोलत नव्हता, नुसता पुढं पुढं चालत होता आणि एकेक घड हातात धरून सोडून देत होता.

पंचनामा तिघांचा असतो: तुम्ही, सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचा कृषी सहायक) आणि ग्रामपंचायतीचा अधिकारी. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर मदतीला पात्र. २०१५ च्या आधी ही अट ५० टक्क्यांची होती. म्हणजे तुमच्या पेनातला ३० आणि ३५ मधला फरक त्या घराचं वर्ष ठरवतो. म्हणून बांधावर उभं राहून आकडा टाकू नका. बागेच्या चार कोपऱ्यांत आणि मधे वेली निवडा, घड मोजा, किती गेले ते मोजा, शेतकऱ्याला बरोबर मोजायला लावा. जिरायत, बागायत, बहुवार्षिक फळबाग यांचे दर वेगळे आहेत, सदर चुकलं तर रक्कम चुकते. मग तिथंच, बागेतच, लिहिलेला पंचनामा वाचून दाखवा आणि मग सही घ्या. आकडा त्याच्या अपेक्षेपेक्षा कमी असेल तर तो भांडेल. भांडू द्या. परत मोजा. दोनदा मोजून झाल्यावर माणूस ऐकतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर मोजलेलं असतं.

एकदा, ही फार पूर्वीची गोष्ट, मला वरून निरोप आला होता की गाव मोठं आहे, कचेरीत बसून यादी पूर्ण करा. मी केली नाही. चार दिवस जास्त लागले, बोलणी खाल्ली आणि पुढच्या उन्हाळ्यात बदली लांब झाली. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती, तिचं वर्ष विस्कटलं, ते मला अजून सलतं. पण त्या यादीतल्या एकाही नावावर पुढं तक्रार आली नाही.

'नाही' सुद्धा लिहून द्या

सगळ्यांची कामं होत नाहीत. काही मागण्या कायद्यात बसत नाहीत. "उद्या या", "साहेब आले की बघू" असं म्हणत माणसाला झुलवणं हे नाही म्हणण्यापेक्षा वाईट. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा नाकारायची असेल तर कारण लेखी द्यायचं आणि अपील कुणाकडे हेही सांगायचं. ते पत्र द्या, तेही वाचून दाखवा. माझ्याकडून नकाराचं पत्र घेऊन गेलेली माणसं पुढं रस्त्यात भेटली की नमस्कार करायची. झुलवलेली माणसं तोंड फिरवतात.

चहापाण्याचा विषय पहिल्याच आठवड्यात येईल. कोणी पाकीट पुढं करेल, कोणी द्राक्षाची पेटी गाडीत ठेवून जाईल. मी चावडीच्या दारावर कोणत्या नकलेला किती शुल्क याचा फलक लावायचे आणि खाली लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ नंबर. फलक दिसला की निम्मी पाकिटं खिशातच राहतात. आणि एक नियम: ज्या घराचं काम आपल्याकडे बाकी आहे, तिथं पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. गरीब माणसाला वाईट वाटतं, त्याला सांगायचं, "काम झालं की आमच्याकडे चहाला या."

सिंहस्थात गावांची नावं कामाला येतात

२०१५ च्या सिंहस्थात आमच्या सगळ्यांच्या ड्युट्या लागल्या होत्या, २०२७ ला तुमच्या लागतील. १३ सप्टेंबरच्या पर्वणीला मी तपोवनाच्या बाजूला होते. हरवलेली एक आजी आणून बसवली होती. गाव विचारलं की म्हणायची "पिंपळगाव". आपल्या एकट्या जिल्ह्यात पिंपळगावं कितीतरी. तालुका तिला सांगता येईना, घाबरून गेलेली. मी तिच्या शेजारी खाली बसले आणि महसुली प्रश्न विचारले. शेतात काय? कांदा. कांदा कुठं नेतात? लासलगावला. बाजार कोणत्या वारी? जत्रा कोणत्या देवाची? नदी ओलांडावी लागते का? पाच-सहा उत्तरांत गाव सापडलं, तिथल्या तलाठ्याला फोन लावला, त्यानं पोलीस पाटलाला, आणि तासाभरात तिच्या मुलाचा आवाज माझ्या फोनवर होता. आजीनं फोन कानाला लावला आणि आधी विचारलं, "गाईला पाणी पाजलं का?"

तेव्हा सजेत फिरताना कान उघडे ठेवा. बाजाराचे वार, जत्रा, ओढे, हे सगळं पाठ होऊ द्या. कधी लागेल सांगता येत नाही.

एक लाँगबुक ठेवा

सरकारी डायरी वरच्यांसाठी असते. ही वही तुमची. जे काम पूर्ण झालं आणि वाचून दाखवलं, त्याची एक ओळ. माझ्या अशा ११ वह्या भरल्या. उघडून बघते तर लिहिलंय: "पाणंद मोकळी. आज पहिली बैलगाडी गेली." "निराधार योजनेचा पहिला हप्ता जमा. बाई पासबुक घेऊन आली, वाचून दाखवलं." "अ.पा.क. कमी केलं. वय ५४." नावं लिहायची नाहीत, काम लिहायचं.

ही वही हवीच, कारण या नोकरीत झालेलं काम दिसत नाही, न झालेलं रोज दारात उभं असतं. महिन्याच्या आढाव्यात प्रलंबित किती एवढंच विचारतात. सहा महिने तेच ऐकलं की चांगलं पोरगंही कोमेजतं. मग त्या रात्री वही काढायची आणि मागची दहा पानं वाचायची. मी मंडळ अधिकारी झाल्यावर माझ्या तलाठ्यांच्या बैठकीची सुरुवात अशीच करायचे: प्रत्येकानं महिन्यात झालेलं एक काम सांगायचं, मग प्रलंबितची यादी. पहिले दोन महिने मुलं लाजली. तिसऱ्या महिन्यात एक मुलगा बोलायला लागला तो थांबेना.

बदली झाली की

कार्यभार देताना दप्तर, शिक्के, लॅपटॉप याची यादी होतेच. तिच्याबरोबर एक वेगळा कागद द्या: अर्धवट राहिलेल्या माणसांचा. कोण, कोणतं काम, कुठं अडलंय, पुढची तारीख, फोन. आणि नव्या माणसाला बरोबर घेऊन निदान चार घरी जाऊन या. गावाला कळतं की काम बाईबरोबर गेलं नाही.

निवृत्त होताना माझ्या कागदावर १७ नावं होती. त्यात एक विधवा बाई होती, नवऱ्याच्या वारसाची नोंद, सासरच्यांची हरकत, सुनावणी चालू. माझ्या जागी आलेला मुलगा तिशीतला. मी त्याला तिच्या घरी नेलं होतं. निवृत्तीनंतर तीन महिन्यांनी दुपारी त्याचा फोन आला. म्हणाला, "मॅडम, नोंद प्रमाणित झाली. ताई समोर बसल्यात. तुम्ही पण ऐका." आणि त्यानं फोन स्पीकरवर ठेवून नोंद वाचली. नाव, नवऱ्याचं नाव, गट नंबर, मग थांबून, सावकाश: "शून्य हेक्टर ऐंशी आर. म्हणजे साधारण दोन एकर." मग त्या बाईचा आवाज आला, "परत एकदा वाच ना, भाऊ." आणि त्यानं परत वाचली.